बोलकं बोट

संस्थेत तिला सगळे लवंगी म्हणत. अंगाने बारकी, चणीने लहान, आणि चुकून दाताखाली आली तर समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारी. हे नाव तिला वस्तीतल्या एका नवऱ्याने दिलं होतं. संस्थेच्या दारात उभं राहून तो बायको परत मागत होता. तिने त्याला असं काही सुनावलं की जाताना तो म्हणाला, ही बाई आहे की लवंगी मिरची. बायको त्याला मिळाली नाही, हिला मात्र नाव मिळालं, आणि तिने ते आनंदाने ठेवून घेतलं.

तिचं काम ऐकण्याचं. मार खाऊन आलेल्या बायका तिच्यासमोर बसत, कधी बोलत, कधी नुसत्या बसत, आणि ती ऐकत राही. ऐकलेलं पोटात ठेवायचं, हा संस्थेचा पहिला नियम. कुठली बाई, कुणाची बायको, कशातून आली, हे फक्त ऐकणारीला ठाऊक. संस्था चालवणाऱ्या मॅडमनाही नाही, पुरुषांचे वर्ग घेणाऱ्यालाही नाही. नियम चांगलाच होता, कितीतरी बायका त्या नियमावर जिवंत होत्या. पण चांगल्या नियमाच्या आडोशानेही नको तो माणूस आत शिरतो, हे लवंगीला त्या मे महिन्यात कळलं. तेव्हा तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून खाली उतरलेली नाही.

ज्या दिवशी हे कळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. बाहेरून पाहुणे यायचे होते. संस्थेचं शिलाई केंद्र त्यांच्याच मदतीवर चालायचं, म्हणून सगळ्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. पुरुषांचे वर्ग घेणारा खुर्च्या मांडून घामाघूम झाला होता. त्याच्या वर्गाचं नाव ‘पुरुष-संवाद’, म्हणून लवंगी त्याला तोंडावर संवादवाला म्हणे. या वर्गातून म्हणे काही पुरुष पार बदलले होते आणि उद्या त्यांचा सत्कार व्हायचा होता. सत्कारात द्यायची ती शिलाई केंद्रातल्या बायकांनी शिवलेली पिशवी, आणि तीही बायकांच्याच हातून. ही कल्पना मॅडमची.

“एवढं एक काम कर ना,” संवादवाला म्हणाला. “गॅरेजच्या गल्लीत आमचा एक हिरा आहे. त्याला पत्रिका देऊन ये. मला इथून हलता येत नाहीये.”

“तुझे हिरे तू सांभाळ की.”

“अगं, बघशील तर खूश होशील. एक वर्ग चुकवला नाही त्याने. आवाज चढवून बोलताना कुणी ऐकलं नाही. परवा तर वर्गात रडला.”

“गळायला काय, नळही गळतो,” लवंगी म्हणाली, पण पत्रिका उचलून निघाली.

गॅरेजच्या गल्लीत दुपारी जिकडेतिकडे ठोकाठोक चालली होती. जळक्या रबराचा वास होता आणि जमिनीवर तेलाचे काळे डाग. हिऱ्याचं गॅरेज अगदी शेवटी होतं, अलीकडेच भाड्याने घेतलेलं. बाहेर एवढी घाण, पण आत लख्ख. भिंतीवर हत्यारं आकाराप्रमाणे टांगलेली, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, एकही तिरकं नाही. गाडीखालून एक चाळिशीचा माणूस बाहेर आला. नीट पाडलेला भांग, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. “या ताई, बसा,” म्हणत त्याने स्टूल आधी स्वतः पुसलं आणि मग पुढे केलं.

स्टुलासमोरच्या भिंतीवर संस्थेचं कॅलेंडर होतं. त्यात नवल नव्हतं. जिथे पुरुष बसतात तिथे पुरुषांच्या डोळ्यांसमोर ते राहावं, म्हणून संवादवाल्याने शहरभर वाटलं होतं. गॅरेज, सलून, चहाच्या टपऱ्या, एक सोडली नव्हती. पण मे संपत आला होता आणि कॅलेंडरवर फेब्रुवारी होता.

“महिना उलटायचा राहिला की,” ती सहज म्हणाली.

त्याने वर पाहिलं. “राहिला नाही. हे पान आवडतं मला.”

पानावर शिलाई मशीनवर ठेवलेले दोन हात होते. चेहरा नाही, खांदे नाहीत, फक्त हात, आणि त्यांच्यामागे खिडकीचा तुकडा. खाली लिहिलं होतं: ‘तिने आपलं आयुष्य पुन्हा शिवलं.’

बोलता बोलता तो हात पुसत होता. फडक्याचं टोक धरून आधी अंगठा, मग शेजारचं बोट, मग मधलं. एकेक बोट मुळापासून नखापर्यंत, जराही घाई न करता.

“छान शिवतात तुमच्याकडच्या बायका,” तो म्हणाला. “उद्या त्यांच्याच हातून पिशवी मिळणार, असं वर्गातले भाऊ सांगत होते. सगळ्या येणार ना?”

लवंगीची नजर त्या बोटांवर खिळली. हा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. पण हे बोटं पुसणं तिने ऐकलं होतं.

गेल्या वर्षी एक बाई शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून तिच्याकडे आली होती, एका हाताला लेक आणि दुसऱ्या हातात एक बॅग घेऊन. शिवणकाम उत्तम, म्हणून पुढे तिला सगळे शिलाईवालीच म्हणू लागले. पहिल्या दिवशी ती खाली बघून बोलली होती. “तो ओरडत नाही हो ताई. शिवी नाही, आवाज नाही. आधी बोटं पुसतो, एकेक करून. ती पुसून झाली की मला कळतं.” मग तिने डावा हात टेबलावर ठेवला. मधलं बोट वरच्या पेरापासून बाहेर वळलेलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत धरून त्याने दार हळूच लोटलं होतं. तेच बोट आता भिंतीवरच्या फेब्रुवारीत दिसत होतं.

एरवी कशावरही पेटणारी लवंगी त्या दिवशी हसली. “येणार की, सगळ्या येणार,” म्हणाली. पत्रिका दिली, चहा नको म्हणाली आणि गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. वळल्यावर मात्र ती थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिने डोकं वर केलं, तर समोर बेकरीचं धुराडं. अर्धं लाल रंगवलेलं, अर्धं तसंच, कारण रंग पुरला नव्हता. असं धुराडं अख्ख्या शहरात एकच. फेब्रुवारीच्या पानावरच्या खिडकीत तेच होतं.

मग सगळं जुळत गेलं. शिलाई केंद्राच्या दारावर पाटी नव्हती. पत्ता कुणाला द्यायचा नाही म्हणून मुद्दामच लावली नव्हती. पण कॅलेंडर त्याच्या जुन्या गॅरेजात पोहोचलं. संस्थेनेच पोहोचवलं, फुकट, खिळ्यासकट. त्याने बोट ओळखलं, धुराडं शोधलं आणि धुराड्याखाली गॅरेज भाड्याने घेतलं. ती राहते ते घर सापडेना, तेव्हा साळसूदपणे संस्थेच्याच वर्गात जाऊन बसला. तिथे त्याला कुणी बायकोचं नाव विचारलं नाही, कारण नाव विचारायचं नाही असा नियम. आणि आता संस्था त्याला मंचावर बोलावून म्हणणार होती, घ्या, बघा, यातली तुमची कुठली.

फोटो काढला तो दिवस लवंगीला आठवला. शिलाईवाली नकोच म्हणत होती. “हात कोण बघतं, ताई,” फोटोवाला समजावत होता. “चेहरा येणारच नाही.” तिने उजवा हात पुढे केला. त्याने डावा मागितला. कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, “हे बोट फार बोलकं आहे.” ऑफिसातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बोलकं. एका माणसाने दारात चिरडलेलं बोट यांना बोलकं वाटलं, आणि त्याला काय बोलायचं होतं हे विचारायला कुणी थांबलं नाही.

ती ऑफिसात शिरली तेव्हा मॅडम फुलांचा रंग ठरवत होत्या. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. संस्था त्यांनी एका भाड्याच्या खोलीत सुरू केली होती. धमक्या खाल्ल्या होत्या. एकदा दारावर दगडही पडले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. लवंगी त्यांना मानत असे. म्हणूनच तिला राग जास्त आला.

तिने दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच तो पहिला नियम मोडला. कुठली बाई, कुणाची बायको, सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून फेब्रुवारी उघडला.

“चेहरा दिसतोय का यात?”

“बोट दिसतंय.”

“बोटावरून कोण ओळखतं गं?”

“ज्याने मोडलं तो.”

मॅडमनी कॅलेंडर मिटून टेबलावर ठेवलं. “तुझी खात्री आहे? गॅरेजवाला हात पुसणारच.”

“आणि महिना? तोही उलटायचा नाही?”

“चौकीत जाऊन काय सांगणार तू? एक माणूस कॅलेंडरचं पान उलटत नाही, म्हणून त्याला धरा?”

“चौकीचं मग बघू. उद्या त्याला दारातच अडवा.”

“पाहुण्यांसमोर? ज्याला आपणच बोलावलंय, त्याला?” मॅडमनी कपाळ चोळलं. “समज, तोच आहे. आणि समज, बदलला असेल तर? मी त्याला रडताना पाहिलंय. माणूस बदलतो यावर आपलाच विश्वास नसेल, तर हे सगळं कशासाठी चालवतोय आपण?”

“बदललेला माणूस बायकोचा पत्ता हुंगत येत नाही, मॅडम. तो शोधणं सोडतो.”

“आवाज खाली. बाहेर लोक आहेत.” मग समजुतीच्या सुरात, “असं कर. तिला उद्या आणूच नको. केंद्रामागच्या तिच्या खोलीत राहू दे, बाहेरून कुलूप लाव. कार्यक्रम पार पडू दे, पाहुणे जाऊ देत. परवा आपण शांतपणे बसू.”

लवंगीने मॅडमकडे नीट पाहिलं. ज्या बाईने दगड पडलेल्या दारात खुर्ची टाकली होती, ती हीच का, असं तिला वाटलं.

“म्हणजे बोट तिने मोडून घ्यायचं,” ती म्हणाली. “घर तिने सोडायचं. फोटो तिनेच द्यायचा. आणि उद्या कोंडूनही तिनेच बसायचं. त्याने काय करायचं, तर टाळ्या घ्यायच्या.”

“तुला टाळ्यांचं पडलंय. मला केंद्राचं पडलंय. केंद्र बंद झालं तर सगळ्याच रस्त्यावर येतील.”

हे खोटं नव्हतं, आणि त्यानेच लवंगीचं डोकं जास्त फिरलं. उत्तर न देता ती बाहेर पडली. संवादवाला विचारत होता, भेटला का हिरा. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न त्याने गिळून टाकला.

शिलाई केंद्र म्हणजे एक लांब खोली. भिंतीला लागून मशीनं, मधे कापडाचा ढीग. खुंटीला उद्याच्या पिशव्या तयार टांगलेल्या. केंद्राच्या मागे जिना चढून एक खोली होती, तिथे शिलाईवाली आणि तिची लेक राहत. लेकीला केंद्रातल्या सगळ्या बायका पिटुकली म्हणत. लवंगीने शिलाईवालीला वर नेलं, दार लोटलं आणि सांगून टाकलं.

शिलाईवाली रडली नाही. “कुठल्या महिन्यावर ठेवलंय त्याने?” एवढंच विचारलं. फेब्रुवारी म्हटल्यावर तिने मान हलवली. खाली वाकून पलंगाखालची बॅग बाहेर ओढली. बॅग भरलेलीच होती. वर्ष झालं इथे येऊन, पण तिने ती कधी पुरती रिकामी केलीच नव्हती.

पिटुकली कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिने बॅग पाहिली. कुठे, का, कधी, एक शब्द विचारला नाही. वही मिटली, उठली, आणि भिंतीवर चिकटवलेलं स्वतःचं चित्र काढायला लागली. शाळेत काढलेलं चित्र होतं, बाईंनी लाल शाईने ‘छान’ लिहिलेलं. नखाने एकेक कोपरा सोडवत होती, हळूहळू, चिकटपट्टी वाया जाऊ नये म्हणून. पुढच्या भिंतीवर ती पुन्हा उपयोगी पडणार, हे एवढ्याशा पोरीला ठाऊक होतं. लवंगीला वाटलं, आत्ता उठावं आणि त्या लख्ख गॅरेजातली सगळी हत्यारं त्याच्या डोक्यात घालावीत, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, ओळीने.

शिलाईवाली लेकीकडे बघत राहिली. दोन कोपरे सुटले होते.

“राहू दे ते,” ती म्हणाली.

पिटुकलीने वळून पाहिलं.

“चिकटव परत. नीट दाबून चिकटव.” मग लवंगीला म्हणाली, “उद्या त्याची पिशवी मी देणार.”

“वेड लागलंय का तुला?” लवंगी ताडकन उठली. “मी काय सांगतेय आणि तू काय बोलतेस? दुसऱ्या गावी ओळखीची संस्था आहे. आत्ता निघालो तर—”

“तिथेही फोटो काढतील.”

लवंगी पुन्हा खाली बसली.

“मी गेले, तर तो उद्या मंचावर उभा राहील,” शिलाईवाली म्हणाली. “सगळे त्याला चांगला म्हणतील. मग मी कुठेही असले, कुणाला काहीही सांगितलं, तरी लोक म्हणतील, अगं, त्याचा तर सत्कार झालाय. आधी शेजारी म्हणायचे, किती शांत माणूस. आता तुमची संस्था म्हणेल.” तिने बॅग पायाने परत पलंगाखाली सरकवली. “मला त्याची भीती वाटते, ताई. खूप वाटते. पण आता त्याहून जास्त चीड आलीय.”

ती जिना उतरली आणि केंद्रातल्या बायकांना तिने स्वतः सांगितलं. मशीनं एकेक करून थांबली. सगळ्यांत म्हातारी होती ती काजवाली. काजं करता करता तिची नजर गेली होती, पण जीभ शाबूत होती.

“बोटं पुसतो म्हणतेस?” तिने विचारलं.

“हो.”

“मग पुढच्या रांगेत बसू आपण. मला लांबचं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. फुलं पिवळी निघाली होती. पाहुणे पुढच्या सोफ्यांवर, त्यांच्या मागच्याच रांगेत शिलाई केंद्रातल्या बायका. संवादवाल्याने त्यांना मागे बसायला सांगून पाहिलं, पण काजवालीने त्याला आपल्याला ऐकायलाच येत नाही असं दाखवलं. लवंगी मंचाशेजारी पिशव्यांच्या टेबलापाशी उभी होती. पडद्याआड शिलाईवाली होती, आणि तिच्या हातात तिने स्वतः शिवलेली पिशवी. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. कुलूप लावलंय ना, असं त्यांनी सकाळी डोळ्यांनीच विचारलं होतं, आणि लवंगीने मान हलवली होती. त्या मानेचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीने लावला.

हिरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बोलायला उभा राहिला आणि हॉल शांत झाला, इतका त्याचा आवाज मऊ. “मी पूर्वी चुकलो,” तो म्हणाला. “घरचं माणूस दुखावलं. या संस्थेने मला आरसा दाखवला.” इथे त्याचे डोळे भरले. सोफ्यावरच्या एका पाहुण्या बाईंनी रुमाल काढला. “ते माणूस मला पुन्हा भेटलं, तर मी एवढंच म्हणेन, घरी चल.” टाळ्यांचा कडकडाट झाला. संवादवाल्याचा चेहरा असा फुलला होता की जणू मुलगा पहिला आला होता.

“आता यांचा सत्कार करतील शिलाई केंद्रातल्या—” संवादवाल्याने कागदावरचं नाव वाचायच्या आत शिलाईवाली बाहेर आली.

मॅडम अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. त्याने बायकोला पाहिलं. दचकला वगैरे नाही. बाजारात जाऊन परतलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत हळूच म्हणाला, “कशी आहेस?”

तिने पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्याच्यासमोरचा माइक आपल्याकडे वळवला. मग डावा हात वर धरला. तो सगळ्यांना दिसला.

“फेब्रुवारीच्या पानावर हात आहेत ना, ते माझे,” ती म्हणाली. “चेहरा दाखवणार नाही म्हणाले होते. नाही दाखवला. पण हे बोट यांनी दारात धरलं होतं. माझे पती आहेत हे. दार आपटलं नाही यांनी, हळूच लोटलं. हाडाचा आवाज झाला तेवढाच. ओरडणं यांना आवडत नाही, म्हणून मीही ओरडले नाही. शेजारी म्हणायचे, किती शांत घर आहे. या बोटावरून यांनी मला शोधलंय आणि आता म्हणतायत, घरी चल.”

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने पिशवी काखेत धरली, खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसायला लागला. अंगठा. मग शेजारचं. त्याचं त्यालाही कळत नसावं.

“पुसतोय का?” काजवालीने शेजारणीला विचारलं.

“पुसतोय.”

दुसऱ्या रांगेतल्या बायका एकेक करून उठून उभ्या राहिल्या.

आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. हो, टाळ्या. रुमालवाल्या पाहुण्या बाईंनी सुरुवात केली, मग बाकीच्यांनी उचलून धरल्या. त्यांना वाटलं, हे असंच ठरलेलं असणार. ताटातूट, मग कबुली, मग भेट. त्याने संधी बरोबर ओळखली. मान खाली घातली आणि म्हणाला, “सगळ्यांसमोर माफी मागतो.” टाळ्या आणखी वाढल्या. फोटोवाला लगबगीने मंचाशी आला, एक गुडघा टेकला आणि म्हणाला, “ताई, थोडं त्यांच्या जवळ सरका. आणि तो हात पुढे. डावा.”

लवंगी पुढे झेपावणार होती. शिलाईवालीने तिच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

“माझे हात घेतलेस तू एकदा,” ती फोटोवाल्याला म्हणाली. “आज चेहरा घे. माझा नको. याचा घे.”

फोटोवाल्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम पिवळ्या फुलांकडे बघत राहिल्या.

“घे,” लवंगी म्हणाली.

कॅमेरा वर गेला, तशी हिऱ्याने काखेतली पिशवी दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली. टाळ्या विरळ झाल्या. ज्याचा सत्कार चाललाय तो तोंड का लपवतोय, हे पाहुण्यांना कळेना.

“पिशवी खाली घ्या की, भाऊ,” काजवाली म्हणाली. “बायकोसमोर काय लाजायचं?”

बायका हसल्या. फार मोठ्याने नाही, पण हसल्या. पिशवीमागून तो ओरडला. “कॅमेरा बंद कर, भडव्या! आणि तू घरी चल, मग दाखवतो तुला!” असा ओरडला की माइक शिटी मारून बंद पडला. वर्गात एवढे महिने कुणी न ऐकलेला आवाज सगळ्या हॉलने ऐकला. मग कुणाच्याच टाळ्या आल्या नाहीत. पाहुण्या बाईंचा रुमाल हवेतच राहिला. तो मंचावरून उडी मारून दाराकडे गेला, तर तोवर बायका दारात जाऊन उभ्या राहिलेल्या. त्यांच्यामधून वाट काढताना त्याला प्रत्येकीच्या तोंडासमोरून जावं लागलं.

चौकीत त्या सगळ्याच गेल्या. बसायला जागा नव्हती म्हणून उभ्या राहिल्या. तक्रार लिहून घ्यायला साहेब आधी कुरकुरला. मग काजवालीने त्याच्या टेबलावर आपली पिशवी ठेवली, पाण्याची बाटली काढली आणि आम्हाला काही घाई नाही म्हणाली. रात्र व्हायच्या आत तक्रार लिहिली गेली. गॅरेजला कुलूप लागलं. तो कुठे गेला ते अजून कळलेलं नाही, आणि शिलाईवाली अजूनही दाराची कडी दोनदा तपासते. सगळं गोड झालं असं कुणी सांगितलं तर लवंगी त्याचं तोंड धरेल. पण ती बॅग आता पलंगाखाली नाही. तिच्यात पिटुकलीचे थंडीचे कपडे आहेत आणि ती कपाटावर आहे.

पाहुण्यांनी मदत थांबवली नाही. कार्यक्रम ‘फार प्रभावी’ झाला, असं त्यांनी कळवलं. मॅडमनी ते वाचून दाखवलं तेव्हा बायकांनी मशीनं चालूच ठेवली.

मग बायका कामाला लागल्या. दुपारची जेवणं उरकून त्या गल्लोगल्ली जात. गॅरेज, सलून, टपरी, जिथे म्हणून कॅलेंडर होतं, तिथे फेब्रुवारीचं पान फाडून आणत आणि त्या जागी त्या दिवसाचा फोटो चिकटवत. फोटोवाल्याने मान खाली घालून हव्या तेवढ्या प्रती काढून दिल्या होत्या. फोटोत एक पिशवी होती, छान शिवलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन हात. दहाही बोटं स्वच्छ. खाली काजवालीने सांगितलेलं आणि पिटुकलीने सुवाच्य अक्षरात लिहिलेलं एकच वाक्य: ‘हे हात कुठे दिसले तर आम्हाला कळवा.’

मॅडमना बातमी लागली तशा त्या धावत केंद्रात आल्या. हातात एक फोटो, चेहरा पांढरा पडलेला. “हे काय चालवलंय तुम्ही? असा कुणाचा फोटो लावता येतो का? उद्या त्याने आपल्यावरच केस केली तर? माणसाची काही खासगी बाजू असते की नाही?”

मशीनं थांबली. शिलाईवालीने हातातलं कापड खाली ठेवलं. लवंगी उठली, मॅडमच्या हातातून फोटो घेतला आणि खिडकीच्या उजेडात नीट धरला.

“चेहरा दिसतोय का यात?” तिने विचारलं.

मॅडम फोटोकडे बघत उभ्या राहिल्या. मागे पुन्हा मशीनं सुरू झाली.